पांढरा थर

रात्री अडीचला शटर वाजवायचं धाडस झालं नाही,
म्हणून मगदुमांचं मेडिकल उघडायची वाट बघत
गावभागातल्या पायरीवर तुला खांद्यावर घेऊन बसलो.
तुझी आई जत मुक्कामी.
तिकिटाचं मशीन उशाला घेऊन
गाडीतच झोपली असेल, बाकावर पाय आखडून.
फोन केला नाही.
काय सांगणार होतो, ढुंगण लाल झालंय?

झालंच होतं पण.
टोमॅटोच्या सालीसारखं ताणलेलं, चकाकणारं.
डायपरची कड संपते तिथं रंगही संपत होता,
कुणी हद्द आखून दिल्यासारखा.
चूक माझी. संध्याकाळी सौद्याचा हिशेब जुळेना
आणि एकच डायपर साडेचार तास तुझ्या अंगावर राहिला.
हे तिला सांगायचं नाही असं ठरवलं,
आणि सातला तिचा फोन आला तेव्हा
पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं.

रत्नाक्का जिन्यातनं म्हणाल्या,
अरं हळद लाव की खोबरेलातनं,
सांगलीत राहून मलम कसलं इकत आणतोस!
आक्का, पंधरा वर्षं यार्डात राजापुरी पारखतोय मी.
हळकुंड मोडतो, आतला रंग बघतो, हुंगतो.
नखाशेजारी साल निघालेली असली
की ती कशी झोंबते, मला विचारा.
पण बोललो नाही.
चार दिवसांची होतीस तेव्हापासून
त्यांच्याच पायांवर तुझी आंघोळ झालीय.

मगदूम चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
पावडर नको. वासाचं काही नको.
हे घ्या, याला चिठ्ठी लागत नाही.
झिंक आहे. औषध म्हणू नका, भिंत म्हणा.
ओल बाहेर, कातडी आत.
आणि लावताना हात राखू नका.
तीन दिवसांत उतरलं नाही, ताप आला,
किंवा कडेनं बारीक पुरळ फुटलं,
तर माझ्याकडं नाही, डॉक्टरांकडं जायचं.
पंच्याऐंशी झाले. सुट्टे पाच नव्हते, त्यांनी सोडले.

आधी माझे हात.
साबण, लिंबाची फोड, परत साबण.
तरी नखांच्या कडेला पिवळं उरतंच.
लग्नात मामा म्हणाला होता,
याला वेगळी हळद कशाला लावताय.

मग कोमट पाणी, आईच्या जुन्या ओढणीचा तुकडा.
पुसायचं नाही, टिपायचं.
वळ्यांत पाणी राहतं, तिथंही.
मग थोडा वेळ उघडीच ठेवली तुला गॅलरीत,
पाय झाडत होतीस,
आणि माझ्या भावांच्या वहीवर मुतलीस,
पान सत्तावीस, नेमका गुरुवारचा सौदा.

मलम हट्टी. बोटाला चिकटतं, शर्टाला चिकटतं.
भाकरीवर लोणी घालावं तसं घातलं.
त्या लालभडकावर पांढरा थर बसला
आणि तू रडायची थांबलीस,
मलमानं की दमून, ते मला आजही सांगता येणार नाही.

पुढच्या वेळी सगळं खरवडून काढणार होतो.
खोक्यातल्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं:
वरचं मळलेलं तेवढं टिपून घ्या,
खालचं राहू द्या, त्यावरच लावा.
मी कागद दोनदा वाचला.
माझा सगळा धंदाच साल घासून
खाली काय आहे ते बघण्याचा.
इथं बघायचं नव्हतं.

दुपारी आई आली, खाकी न बदलताच वाकली.
केवढं फासलंयस, म्हणाली.
मग दुसऱ्यांदा उघडून बघितलं
आणि पाणी प्यायला आत गेली.

तिसऱ्या दिवशी लालीची गुलाबी झाली.
मी यार्डात गेलो. पोतं उघडलं, मूठ भरली,
तर तोष्णीवाल शेठ माझ्या बोटाकडं बघत राहिले,
सगळ्या पिवळ्यात नखाखाली तेवढं पांढरं.
काय रे, चुना? तंबाखू सुरू केलीस?
व्हय, म्हणालो,
आणि हळकुंड मोडलं.